साडूभाऊंची बाजारपेठ

परभणी जिल्ह्यात माझ्या साडूंइतका त्रासदायक सज्जन दुसरा सापडणार नाही. जिल्हा मोठा आहे आणि मी तो सगळा हिंडून पाहिलेला नाही, तरी हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. दुर्जनाचा त्रास सोपा असतो. त्याला टाळता येतं, त्याच्या माघारी शिव्या देता येतात, गेलाबाजार त्याच्याशी बोलणं तरी तोडता येतं. साडूंच्या बाबतीत यातलं काहीच जमत नाही. ते येतात ते नेहमी दुसऱ्याचं काम घेऊन, आणि ते काम इतकं चांगलं असतं की नाही म्हणणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. "दाजींना काही बोलू नका हं," असं बायको मला लग्नापासून बजावत आलेली आहे, आणि एक वेळ सोडली तर मी काही बोललेलो नाही. आज मात्र थोडं बोलणार आहे.

साडूंचं गाव तालुक्याचं. सेलूच्या अलीकडे की पलीकडे ते सांगत नाही, कारण हे लिखाण त्यांच्या हाती पडलं तर ते गावाच्या नावापुढे आणखी चार ओळी घालायला लावतील. तिथल्या जुन्या बाजारपेठेत त्यांचं बैलांच्या साजाचं दुकान होतं. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगुरमाळा, रंगीत गोंडे, पोळ्याच्या झुली. दुकानात पाऊल टाकलं की तागाचा आणि तेलाचा वास यायचा आणि डोक्याला घुंगरं लागून आपल्या येण्याची वर्दी आपणच द्यायचो. ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले, तरी दुकान चालत होतं. खरी अडचण बाजाराचीच झाली. गावाबाहेरून बायपास गेला, त्याच्या कडेला काचांची मोठी दुकानं उभी राहिली, आणि जुन्या पेठेत दुपारी नुसती कुत्री झोपलेली दिसू लागली. एकेक दुकानदार दाराचा पत्रा ओढून घरी बसायला लागला.

अशात नगरपालिकेनं एक योजना काढली. जुन्या पेठेतल्या दुकानांचा दर्शनी भाग नीट केला तर अर्धा खर्च पालिका देणार, काही वर्षं मालमत्ता करात सूट मिळणार, रस्त्याला फरशी आणि दिवे लागणार, आणि नव्यानं छोटा धंदा सुरू करणाऱ्यांना पेठेच्या टोकाला कमी भाड्यात गाळे मिळणार. अट एकच. पुढे आलेले ओटे आणि पत्रे सगळ्यांनी राजीखुशीनं काढायचे. एकानं जरी नाही म्हटलं तरी योजना दुसऱ्या भागात जाणार. गावातल्या लोकांनी ही बातमी वाचून वर्तमानपत्राची घडी घातली. साडूंनी ती वाचली आणि त्यांना झपाटलं.

त्यांना झपाटलं म्हणजे मला झपाटलं. मी परभणीला हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. सकाळी अंमळ उशिरा उठावं, चहाबरोबर पेपर वाचावा, एवढीच माझी अपेक्षा. आता दिवस उजाडायच्या आत फोन वाजू लागला. साडूंना 'हॅलो' म्हणायची सवय नाही. आदल्या दिवशीचं वाक्य जिथं तुटलं असेल तिथून ते पुढे सुरू करतात.

"...मग साडूभाऊ, पाट्यांला निळा रंग बरा का मेंदीचा?"

"कसल्या पाट्या?"

"आपल्या बाजाराच्या! तुमी बी कमाल करता. मी रातभर तेच इचार करायलो अन् तुमी इचारायलाव कसल्या पाट्या."

मी मेंदीचा म्हणालो, कारण तो शब्द शेवटी ऐकला होता. त्यांनी तो संपूर्ण पेठेला कळवला. साडीवाल्यांना जांभळा रंग हवा होता, त्यांनी दोन महिने माझ्याशी बोलणं सोडलं. माझा त्यांचा परिचयही नव्हता.

दुसरा छंद मोजमापाचा. दुकानातला एक कासरा घेऊन त्याला हात-हात अंतरावर गाठी मारून त्यांनी आपली टेप तयार केली होती आणि ती उपरण्यासारखी गळ्यात टाकून ते हिंडत. पेठेतल्या प्रत्येक दुकानाची रुंदी, गटाराची खोली, विजेच्या खांबापासून दारापर्यंतचं अंतर, सगळं मोजून झालं. मग सवय सुटेना. माझ्या मुलीच्या लग्नात व्याही मंडळी दारात येऊन उभी, सनई चालू, आणि साडू मांडवाच्या कमानीखाली वाकून कासरा धरून बसलेले. "ही कमान आपल्या बाजाराच्या तोंडाला अगदी बसती बघा," ते नवरदेवाच्या वडिलांना म्हणाले. "कुण्या मंडपवाल्याची हाय?" व्याह्यांना वाटलं, ही आमच्याकडची काहीतरी रीत असावी. त्यांनी बिचाऱ्यांनी कासऱ्याचं दुसरं टोक धरलं.

मी मराठीचा मास्तर, म्हणून अर्ज मी लिहायचे असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं. "तुमचं मराठी लय वजनदार हाय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडून पहिला अर्ज लिहून घेतला. मीही जरा हात मोकळा सोडला. पालिकेतल्या बाबूनं तो दोनदा वाचून परत दिला. "आबा, ही कविता हाय का? मागणी काय हाय तेवढं सांगा." साडूंनी तिथंच बसून मागल्या बाजूला दोन ओळी लिहिल्या आणि अर्ज दाखल झाला. हे त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. पालिकेत तर त्यांनी मुक्कामच ठोकला होता. साहेब नाहीत म्हटलं की बाकावर बसून राहायचं. उपद्रव काही नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्यांना कुठल्या टेबलावर जायचं ते हेच सांगू लागले. पुढे पुढे साहेब रजेवर जाताना यांना सांगून जात.

एकेक दुकानदार होकार देत गेला. काहींना योजना पटली, बाकीचे साडूंच्या रोजच्या भेटीला कंटाळले. शेवटी अडलं ते समोरच्या अत्तरवाल्या चाचांपाशी. चाचांचं दुकान त्यांच्या वडलांच्या काळापासूनचं. त्यांच्या दुकानापुढे पत्र्याची लांब पडवी होती, आणि ती काढायला त्यांचा साफ नकार होता. साडूंनी मला परभणीहून बोलावून घेतलं. शिकलेल्या माणसाचं चाचा ऐकतील म्हणे. मी भर उन्हात एसटीनं गेलो आणि विकास, भविष्य, पुढची पिढी असं बरंच बोललो. चाचांनी शांतपणे ऐकलं, माझ्या मनगटाला हिना अत्तर लावलं आणि म्हणाले, "सब सही बोलते तुमी, मास्तर. लेकिन पत्रा निकाले तो धूप सीधा शीशियों पे आती. अत्तर उड जाता. फिर मैं क्या बेचूँ, शीशियाँ?"

मी मनगट हुंगत परभणीची एसटी धरली. साडूंनीही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी आपलं दुकान बंद करून चाचांच्या दुकानात जाऊन बसू लागले. ऊन कुठून शिरतं, कुठल्या फळीवर येतं, केव्हा हलतं, हे पाहत. चाचांना आधी संशय आला, मग सवय झाली, मग दोघं मिळून जेवू लागले. आणि एका दुपारी साडू ताडकन उठले, घरी गेले, आणि माझ्या मेहुणीनं पाहुण्यांसाठी ठेवणीतली जी जाड सोलापुरी चादर ठेवली होती ती काढून घेऊन आले. चादरीच्या चार टोकांना वेसणीच्या दोऱ्या बांधल्या, चाचांच्या दारावर ती तिरपी ताणली, आणि पत्रा बाजूला काढायला लावला. फळीवर सावली पडली. ऊन उतरलं की एक दोरी ओढायची, चादर गुंडाळून वर जायची. चाचांनी दोरी ओढून पाहिली. सोडली. पुन्हा ओढली. मग म्हणाले, "लाओ, कहाँ सही करना है?"

पुढे सगळ्या पेठेला तसलेच कापडी पडदे लागले. चादर मात्र दोऱ्यांसाठी भोकं पाडल्यामुळे कामातून गेली, आणि मेहुणीनं त्या महिन्यात साडूंना ताटात लोणचं वाढलं नाही.

वर्षभरात पेठ खरोखर बदलली. मी पाहिली, म्हणून कबूल करतो. सरळ एका ओळीतली दुकानं, मेंदी रंगाच्या पाट्या, पायाखाली फरशी, संध्याकाळी पिवळे दिवे. बायका पुन्हा बांगड्या भरायला येऊ लागल्या. टोकाच्या गाळ्यांमध्ये नवी दुकानं लागली. पेडगावकडची एक मुलगी शिवणयंत्र घेऊन आली. तिचे वडील गवंडीकाम करायचे, घरात दुकान हा शब्द कुणी उच्चारलेला नव्हता. तिला गाळा मिळेपर्यंत साडूंनी पालिकेच्या बाबूला जेवू दिलं नव्हतं म्हणतात. आता तिच्याकडे ब्लाउज शिवायला रांग लागते.

आणि मग जे व्हायचं ते झालं. साडू ज्या दुकानात बसत ते त्यांचं नव्हतंच. वडलांच्या वेळेपासून तोंडी बोलीवर भाड्यानं घेतलेलं. मूळ मालक वारले होते, मुलगा पुण्याला. इतकी वर्षं त्यानं त्या दुकानाकडे पाहिलंही नव्हतं. सुधारलेल्या पेठेचे कुणीतरी त्याला फोटो काढून पाठवले, तो गाडी घेऊन आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, आणि साडूंना अगदी अदबीनं म्हणाला, "काका, मोबाइलच्या शोरूमला जागा द्यायचं ठरलंय. दिवाळीपर्यंत रिकामी करून द्या."

मला कळलं तेव्हा मी संतापून तडक गेलो. योजनेच्या सुरुवातीलाच मी त्यांना विचारलं होतं, की सूट मालकाला, मदत मालकाला, मग भाडेकरूचं काय? तेव्हा त्यांनी हात झटकून "होईल की कायतरी" म्हटलं होतं. आता साडू घुंगुरमाळा पोत्यात भरत बसले होते.

"दुसऱ्याच्या दुकानासाठी जिवाचं रान केलंत," मी ओरडलो, "स्वतःचं तेवढं राहिलं!"

"आता रस्ता चांगला झाला म्हणून लोकायला जागा पाहिजे झाली," ते म्हणाले. "त्यात रस्त्याची काय चूक?"

"मी रस्त्याला बोलत नाहीये, तुम्हाला बोलतोय!"

"मग हळू बोला. आत तुमची मेहुणी हाय. ती सकाळपासून रडायली."

ती रडत होती, आणि तरी पोत्यांची तोंडं शिवून देत होती. दुकानदारांनी ठरवलं, एक दिवस सगळी पेठ बंद ठेवायची. चाचा पुढे, साडीवाले त्यांच्या मागे. ते ऐकल्यावर मात्र साडू आयुष्यात पहिल्यांदा भडकलेले मी पाहिले. "खुळे झालाव का समदे? हा बाजार उघडायला पायाचे तुकडे पडले माझ्या, अन् तुमी माझ्याच नावानं बंद करायलाव? कुणी पत्रा ओढला तर मी पुन्हा तोंड बघणार न्हाई!" कुणी ओढला नाही. दिवाळीच्या आधी साडू दुकान खाली करून जनावरांच्या बाजाराजवळ एका टपरीत गेले. आठवडी बाजाराला तिथं गिऱ्हाईक असतं. बाकीचे दिवस मोकळे.

मोकळ्या दिवसांचं त्यांनी काय करावं? ते पुन्हा पालिकेच्या बाकावर जाऊन बसले. मागल्या सराफा गल्लीसाठी योजनेचा दुसरा टप्पा येणार होता. त्यात एक कलम घाला, जो मालक पालिकेची मदत घेईल त्यानं काही वर्षं भाडेकरूला काढायचं नाही, असा त्यांनी धोशा लावला. मला पुन्हा पहाटे उठवून "वजनदार नको, साधं लिहा" असं बजावून अर्ज लिहून घेतला. दोन पावसाळे गेले, आणि कलम आलं.

"म्हणजे तुमचं दुकान परत मिळणार?" माझ्या बायकोनं आशेनं विचारलं.

"छे! मागचं कसं धरतील? सराफा गल्लीतल्यायला कामी येईल." आणि त्यांना इतका आनंद झालेला होता की बायकोनं त्यांना चहा विचारला. स्वयंपाकघरात येऊन तिनं माझ्यावर राग काढला.

मागच्या महिन्यात गेलो होतो. संध्याकाळी साडूंनी पेठेत नेलं. शिवणवाल्या मुलीनं आम्हाला पाहून "या काका" म्हणत दोन खुर्च्या बाहेर टाकल्या आणि चहा सांगितला. समोर, जिथं घुंगरं लोंबायची तिथं आता पांढऱ्याशुभ्र उजेडात मोबाइल मांडलेले होते. दारात एक शेतकरी उभा होता. डोक्याला रुमाल, काखेत पिशवी. तो आतल्या पोराला विचारत होता, "इथं कासऱ्याचं दुकान होतं नव्हं?" पोरानं कानातली वायर न काढताच मान हलवली. शेतकरी वर पाटीकडे, मग रस्त्याकडे बघत गोंधळून उभा राहिला.

साडू उठले. मला वाटलं, आता सांगतील, मीच तो. ते त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "हाय की दुकान. जरा लांब गेलंय, मी दावतो. पावणे, लय दिसानं आलाव वाटतं?"

"लय दिसानं. सगळंच बदललं की हो."

"मग आधी बाजार तर बघून घ्या," साडू म्हणाले, आणि त्याचा हात धरून त्यांनी उलट्या दिशेनं, पेठेच्या पहिल्या दुकानापासून सुरुवात केली. चहा आला. मुलीनं विचारलं, काकांचा झाकून ठेवू का? मी म्हटलं, ठेव. गर्दीत त्या दोघांची पाठ दिसत होती. दर चार पावलांवर साडू थांबत होते, हात वर करून काहीतरी दाखवत होते, आणि तो शेतकरी मान वर करून बघत होता.