नळीवरचा वाकडा चार

भिंतीवरची रायफल पूर्वी होती तशीच आहे का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. नाही. तिची नळी बदललेली आहे. ती कोणी बदलायला लावली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

नामांतराच्या दिवसांत शहरात जाळपोळ झाली, तेव्हा परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. जमा करण्याआधी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तुमच्या पणजोबांनी, रायफल मिस्त्रीकडून साफ करून घेतली. जुन्या शहरात त्याचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं.

शहर शांत झाल्यावर ती घरी आली. त्याच आठवड्यात वाळूजच्या एका कारखान्याचे खरेदी अधिकारी ती स्वतःसाठी विकत घ्यायची म्हणून बघायला आले. तुमच्या आजोबांचं लेथचं वर्कशॉप त्यांच्याच कामावर चालायचं. सोबत त्यांनी फौजेत बंदुका दुरुस्त केलेले एक निवृत्त गृहस्थ आणले होते.

सासऱ्यांनी नेहमीचं ऐकवलं, "वडिलांच्या वेळची आहे. एक स्क्रू हललेला नाही."

नळी जिथं मधल्या लोखंडी भागात फिरवून बसवतात, तिथं कारखान्यातच एक बारीक रेघ मारलेली असते. अर्धी नळीवर, अर्धी त्या भागावर. इथं दोन्ही अर्ध्या केसभर सरकलेल्या होत्या. फौजी गृहस्थांनी भिंग माझ्याकडे दिलं. "बाई, आकडे वाचा." नंबर दोन्हीकडे एकच होता. पण एकीकडचे आकडे एका रांगेत होते, नळीवरचे हातानं एकेक ठोकलेले. सात खोल गेलेला, चार जरा वाकडा.

"नळी दुसरी आहे. नंबर नंतर घातलाय."

सासऱ्यांनी भिंग घेऊन नंबर बघितला. मग म्हणाले, "मिस्त्री! साफ करायला दिली, तिथंच डाव साधला. विद्यापीठाचं नाव बदलायला निघालेत, आता आमच्या बंदुकीची नळीही बदलून घ्या!"

सगळे हसले. मीही हसले.

मिस्त्रीविरुद्ध पोलिसांकडे द्यायचा तक्रारीचा इंग्रजी अर्ज मीच टाइप केला. परवान्याची नक्कल जोडायची म्हणून फाईल काढली, तेव्हा एक जुनी चिठ्ठी हाताला लागली. अक्षर सासऱ्यांचं होतं. नळी फुटली आहे, दुसरी बसवून जुनाच नंबर ठोकावा, कोणास सांगू नये. मी ती होती तिथं ठेवली आणि अर्ज पूर्ण केला. एकही खाडाखोड नव्हती.

चार दिवसांनी मिस्त्री मागच्या दारी आला.

"बाईसाहेब, नळी मीच बदलली, हौ. पर कब? तुमचं लग्न पण नव्हतं झालं. मालकांनी नळीत चिखल असताना बार काढला, नळी फाटली. लई शरम वाटली त्यांना. मला चिठ्ठी लिहून दिली, काम झाल्यावर वापस घेऊन गेले. तुम्ही घरचे कागद जपता. एक बार देखो ना. नाय तर माझं लायसन जातंय."

"असा कागद घरात नाही," मी म्हणाले.

"नीट बघितलं का?"

"मी नीटच बघते."

त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं तर तो बसला असता. सासरे खोटे ठरले असते, तर ते अधिकाऱ्यांसमोर ठरले असते, आणि मला वर्कशॉपचं काम जायला नको होतं.

मिस्त्रीचं लायसन गेलं. दुकानाला कुलूप लागलं. अधिकाऱ्यांनी रायफल काही घेतली नाही, काम मात्र ते देत राहिले.

दोनेक वर्षांनी तो तुमच्या आजोबांकडे नोकरी मागायला आला. त्यांनी त्याला तयार भागांवर नंबर ठोकायला बसवलं. "काय हात आहे बुवा त्याचा," ते जेवताना सांगायचे. "वाळूजवाले खूश आहेत."

मी वर्कशॉपमध्ये गेले की तो हातोडी खाली ठेवून उठायचा, सलाम करायचा. मी मान हलवायचे. एकदा त्याच्यासमोरच्या ट्रेमधला एक भाग उचलून उजेडात धरला. चार जरा वाकडा पडला होता. तो माझ्याकडे बघत उभा होता. मी भाग परत ट्रेमध्ये ठेवला आणि तुमच्या आजोबांना सांगितलं, याला नीट ठोकायला सांगा.