हे नाही म्हणतात

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, पण आधीच बजावते — ऐकून ‘अरेरे’ करायचं नाही. मला ते आवडत नाही.

प्रताप नगरातलं आमचं घर माझ्या नावावर. माहेरचे दागिने मोडून प्लॉट मी घेतला, तेव्हा आजूबाजूला नुसत्या बाभळी होत्या आणि लोक हसले होते. खाली आम्ही दोघं आणि मुलगी, वर स्लॅबखालची दीड खोली भाड्याने. मालकीण मी — आणि मालकिणीने नाही म्हणू नये, असं कुठे लिहिलंय? नाही म्हणणं हा गुन्हा नव्हे. तिथपर्यंत मी आजही ताठ उभी आहे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. वर सुषमा राहायची. कुहीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, नवरा शाळेत मास्तर, कडेवर काही महिन्यांचं पोर. नागपूरचा मे महिना आणि डोक्यावर तापलेला स्लॅब — दिवस मावळल्यावरही भिंतीला हात लावला की चटका बसायचा. एक दिवस ती खाली आली. खिडकीचे दोन गज काढून कूलर बसवू द्या, म्हणाली. खर्च सगळा आमचा, मीटर वेगळं आहेच, आणि घर सोडताना गज होते तसे लावून देऊ.

आता सांगा, यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. पण आमच्याकडे कूलर नव्हता हो! आम्ही दुपारभर वाळ्याच्या पडद्यांवर तांब्याने पाणी मारायचो. मालकीण खाली पडदे भिजवत बसणार, भाडेकरीण वर गार हवेत झोपणार — आणि तिच्या कूलरचं पाणी माझ्याच अंगणात ठिबकणार? मत्सर होता तो. गोड शब्द शोधत बसायची मला सवय नाही.

तरी तेवढं तिच्या तोंडावर सांगायची छाती झाली नाही. “यांले विचारून सांगते,” म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी जिन्यातच सांगून टाकलं — “हे नाही म्हणतात.” आमच्या गल्लीत सगळ्याच बायका असं करत. साडीवाला परत पाठवायचा, वर्गणीवाले वाटेला लावायचे, तर नवऱ्याच्या नावावर खपवायचं. मी यांना विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाले असते. नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. म्हणून तर विचारलं नाही.

गोष्ट गल्लीत पसरली — मालक महाचिक्कट. हे ऑफिसातून आले की सुषमाचं पोर यांच्याकडे झेपावायचं. आता तिने पोर यांच्याकडे देणं बंद केलं. यांनी हात पुढे केले की ती मान फिरवून जिना चढायची. “वरच्या पोरीचं काही बिनसलं का वं?” हे मला विचारत. उन्हानं डोकी तापतात लोकांची, असं मी सांगायची.

मग तिचे वडील आले. भर दुपारी, खांद्यावर दुपट्टा, घामाने भिजलेले. रविवार होता, हे घरीच होते. म्हातारा सरळ यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

“कूलर मी घेऊन देतो जी. तेवढा लावू द्या. नातवाच्या अंगभर फोड उठून राहिले. तुम्ही नाही काहून म्हणता?”

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. त्यांना सगळं समजलं, आणि त्यांना समजलं हे मला समजलं. तोंड उघडायला वेळ होता का? होता. मी उघडलं नाही.

“भिंत कच्ची आहे, पाटील,” हे म्हणाले. “नाही जमत.”

कधी खोटं न बोललेला माणूस माझं खोटं बोलला. म्हातारा त्याच संध्याकाळी लेकीला आणि नातवाला कुहीला घेऊन गेला. पुढच्या महिन्यात मास्तरांनीही खोली सोडली. त्या दुपारी म्हातारा वर गेल्यावर हे एवढंच म्हणाले, “काहून वं?” आणि मी काय उत्तर दिलं असेल? — “घर माझ्या नावावर आहे.” पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

दहाएक वर्षांनी हे गेले. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, माणूस चांगला होता, हात तेवढा आखडता. मी मान हलवायची. हो, हलवायची! गेलेल्या माणसाचं आता काय बिघडतं, असं मनाशी म्हणायची. लाज वाटते मला त्याची, भयंकर वाटते. पण ती माझी मी बघेन, तुमच्या गळ्यात नाही मारत.

सुषमाही आली होती. जवळ बसली, माझा हात हातात घेतला.

“काकाजीवर लय राग होता जी माझा,” ती म्हणाली. “पण मी त्यांले कधीचंच माफ केलं, काकू. तुम्ही तं माझ्यासाठी शब्द टाकला होता ना त्यांच्याजवळ?”

“लय सांगून पाहिलं वं,” मी म्हणाले. “ऐकलंच नाही त्यांनी.”