पहिल्या चुलीचा निखारा

आमच्या वसाहतीत पहिली चूल पेटली ती अक्काची. माझी नव्हे. मी तिच्यानंतर पंधरा दिवसांनी आले. पंधरा दिवस म्हणजे असे कितीसे, दोन आठवडी बाजार! पण तेवढ्यावर ती जन्मभर माझ्या पुढे राहिली आणि मी जन्मभर जळत राहिले.

साखर कारखाना तेव्हा नुसता खांबांवर उभा होता. भोवती कपाशीच्या पऱ्हाट्या, मधे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आणि पाणी टँकरचं. अक्काचे यजमान फिटर, माझे वजनकाट्यावर कारकून. ती धुळ्याकडची, कोरडवाहू घरातली. माझं माहेर भुसावळच्या पलीकडचं, केळीच्या बागांचं. मला वाटायचं, चार माणसं मला विचारतील. विचारायची तिलाच. टँकरवाला तिच्या दारात हॉर्न वाजवायचा. कुणाचं मूल तापलं की तिला हाक. घाटावरून आलेले इंजिनिअर साहेब तिच्या ओट्यावर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचे. मी एकदा हट्टाने खापरावर मांडे केले, हात भाजून घेतले. साहेबांनी दोन खाल्ले, छान झालेत म्हणाले आणि संध्याकाळी पुन्हा तिच्याच ओट्यावर जाऊन बसले.

पहिल्या गळिताचा बॉयलर पेटवायची वेळ आली. अशा पूजेला एरवी चेअरमन सपत्नीक बसतात. पण साहेबांनी आग्रह धरला की वसाहतीत ज्या घरी पहिली चूल पेटली, तिथलाच निखारा बॉयलरला लागावा आणि पूजेलाही तेच जोडपं बसावं. चेअरमननाही ते पटलं. आठ दिवस वसाहतीत दुसरा विषय नव्हता. अक्काने लग्नातला शालू ट्रंकेतून काढला, उन्हात टाकला आणि निखारा न्यायला मातीचं धुपाटणं आणलं. आदल्या दिवशी तिने माझ्याकडूनच केस विंचरून घेतले. मी वेणी अशी आवळली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हसली फक्त.

सकाळी जीप आली तेव्हा अक्का मागे न्हाणीत होती. तिचे यजमान आदल्या दिवसापासून कारखान्यावरच होते. ऑफिसातला माणूस माझ्या दाराशी येऊन विचारू लागला, अक्का तयार आहेत का.

मी म्हटलं, "त्या दूर बसल्यात. आजच."

त्याने मान खाली घातली. विटाळाची खातरजमा कुठला पुरुष करणार? मुहूर्त टळत होता. मग दुसरी चूल तुमची, तुम्हीच चला, तो म्हणाला. मी माझ्या चुलीतला निखारा घेतला आणि जीपमध्ये बसले.

अक्का चालत आली. मी आणि माझे यजमान पाटावर बसलो होतो, भटजी मंत्र म्हणत होते. ती शालू नेसलेली, हातात निखाऱ्यांचं धुपाटणं. दारातल्या बाईने तिला हलक्या आवाजात लांबच थांबायला सांगितलं. अक्काने माझ्याकडे पाहिलं. सगळं तिला त्याच क्षणी कळलं. पण 'मी दूर बसलेली नाही' हे तिला तेवढ्या पुरुषांसमोर तोंडाने बोलावं लागलं असतं. ती मागे सरकली आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिली. तिच्या हातात निखाऱ्यांची राख होत गेली. फोटोग्राफरने आमचा फोटो काढला.

तिने मला कधी जाब विचारला नाही. संक्रांतीला पहिलं वाण मलाच द्यायची, भरीत केलं की वाटी माझ्याकडे यायची. भांडली असती तर मी चांगली भांडले असते, मला ते येतं. तिच्या त्या वाटीचा मला राग यायचा.

पुढे तिथं बाजार भरू लागला, शाळा झाली, भोंग्यावर घड्याळं लागू लागली. मग कारखाना बंद पडला आणि माणसं पांगली. आम्ही दोघी तेवढ्या जुन्या उरलो.

गेल्या महिन्यात शाळेचे मास्तर आले. वसाहतीचा इतिहास लिहून तो शाळेत लावणार होते. त्यांच्याकडे तो फोटो होता. इथून गेलेली जुनी माणसं सांगतात, पहिली चूल अक्कांची. मग पूजेला तुम्ही कशा, त्यांनी मला विचारलं. अक्का शेजारीच खाटेवर बसली होती.

अक्काच बोलली. "मी दूर बठेल व्हतू त्या दिन. म्हनीसन हाई बठनी. बठ्ठास्ले माहीत शे."

अक्का त्या दिवशी दूर बसल्या होत्या, म्हणून पूजेला या बसल्या, असं मास्तरांनी लिहून घेतलं. माझं खोटं तिने स्वतःच्या तोंडाने खरं करून टाकलं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पोटात तीच जुनी आग उठली. इथंही हीच मोठी! मला झाकायचा मानही हिनेच घ्यायचा?

"ते खोडा, मास्तर," मी म्हटलं. "अक्का दूर बसली नव्हती."