देवीने पाकळी दिली नाही

भीती कशी असते हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी एका घड्याळाने शिकवले. परीक्षेच्या वेळी संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात उलटे पळत असते ते घड्याळ. गोव्यात डिचोलीच्या ज्या कंपनीत मी कंत्राटावर होते, तिथे कायम व्हायचे तर भाषेवरून तर्क करण्याची एक परीक्षा द्यावी लागे. छोटा उतारा वाचायचा आणि त्याखालचे विधान उताऱ्यावरून बरोबर ठरते, चूक ठरते की 'सांगता येत नाही', ते निवडायचे. ऐकायला पोरखेळ. मी दोनदा नापास झाले होते. तिसरी संधी शेवटची होती आणि ती हुकली की कंत्राटही संपणार होते. घरात कमावणारी मी एकटी. बाबांचा खनिजाचा ट्रक खाणी बंद पडल्यावर काही वर्षे अंगणात उभा होता, मग भंगारात गेला. तेव्हापासून बाबा दारातल्या सोप्यावर बसून असतात.

सराव मी रोज करत असे, पण तो सराव कसला, भांडणच. मी जात्याच वादाला उभी राहणारी. एका उताऱ्यात होते की एका गावाजवळची खाण बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिथले बरेच लोक बाहेरगावी कामाला जाऊ लागले. खाली विधान होते, खाण बंद झाल्यामुळे लोक बाहेर गेले. मी डोळे मिटून 'बरोबर' दाबले. उत्तर निघाले, सांगता येत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणाला सांगता येत नाही? आमच्या सर्वण गावात येऊन बघा म्हणावे! माझी बहुतेक उत्तरे अशीच चुकत. उताऱ्यात जे नाही ते मी वाचत असे, आणि हे कळूनही हात थांबत नसे. 'सांगता येत नाही' म्हणणे मला हार मानल्यासारखे वाटे. परीक्षा जवळ आली तशी माझी भूक गेली. बसमधून दुकानांच्या पाट्या वाचतानाही छातीत धडधडू लागे.

शेवटी परीक्षेच्या आदल्या सकाळी मी गावच्या देवीला प्रसाद लावायला गेले. आमच्याकडे लग्न असो, घर असो, देवीला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. गुरव मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणे घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमचे गुरवकाका बाबांच्या बरोबरीचे, बोलायला कमी. त्यांनी माझ्यासाठी गाऱ्हाणे घातले, 'लेकीक यश दी गे आवय' म्हणाले आणि बाजूला उभे राहिले. मी हात जोडून उजव्या पाकळीकडे बघत राहिले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. ना उजवी हलली, ना डावी. देवी रागावली असेल, निकाल इतका वाईट असेल की तिलाही सांगवत नसेल, असे काय काय मनात येऊ लागले. न राहवून मी म्हटले, "काका, जरा पंखो लावया?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. मग हळूच म्हणाले, "पंख्यान पडलेलो प्रसाद पंख्याचो गे बाय, देवीचो न्हय."

"मगे देवी काय म्हणता?"

"काय म्हणूक नाय. उजवी देऊक नाय, डावी पण देऊक नाय. तिणा सांगूक नाय तां आपण पदरचां घालून सांगूचा नाय."

एवढे बोलून ते समई पुसू लागले. त्यांना माझ्या परीक्षेतले काही ठाऊक नव्हते. ती इंग्रजीत असते हेही नसावे. मी तीर्थ घेऊन घरी आले ती जास्तच घाबरून. देवीने मला आधाराशिवाय सोडले असे वाटून रडूही आले.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसले. पहिलाच उतारा एका नदीचा. रेती काढणे वाढले आणि मासे कमी झाले, एवढेच त्यात होते. विधान होते की रेतीमुळे मासे कमी झाले. माझी मावशी आमोण्याची, नदीकाठची. मला तर सगळेच ठाऊक! हात 'बरोबर'कडे गेला आणि मध्येच थांबला. कोणी मनगट धरावे तसा थांबला. काकांचे शब्द आठवले म्हणून थांबला, की आधी थांबला आणि मग शब्द आठवले, हे मला आजही ठरवता आलेले नाही. मी उतारा पुन्हा वाचला, त्यात होते तेवढाच वाचला आणि 'सांगता येत नाही' निवडले. भीती गेली नाही, घड्याळही पळतच होते. पण शेवटच्या प्रश्नापर्यंत हात माझ्याशी भांडला नाही.

घरी आले तर बाबा सोप्यावर वाट बघत होते. "कसो गेलो पेपर?" मागच्या दोन्ही वेळी मी "बरो गेलो" म्हणून खोटे बोलले होते, आणि त्यांनी ते वाडीभर सांगून टाकले होते. या वेळी मी म्हटले, "माका खबर नाय, बाबा. माका खूप भंय दिसता."

बाबांनी सरकून मला बसायला जागा केली. "माकाय भंय दिसता," ते म्हणाले. "ट्रक गेल्यापासून दिसता. कोणाक सांगूक नाय इतकांच."

आम्ही दोघे चहात उंडे पाव बुडवून खात तिथेच बसलो. आठ दिवसांनी निकाल आला, मी पास झाले होते, आणि देवीला नारळ वाहिला. पण तिचे देणे मला आधीच पोचले होते. घाबरलेल्या बापाशेजारी घाबरलेली लेक बसली होती आणि उद्याचे कोणालाच काही माहीत नव्हते. तेवढ्यावरही देवीच्या भरवशाने राहता येते, हे परीक्षेच्या त्या संध्याकाळी मला कळले. त्या रात्री कित्येक दिवसांनी आम्ही दोघेही पोटभर जेवलो.