धाकटीची खोली

दोघी बहिणी एका वर्षाच्या अंतराने विधवा झाल्या. थोरलीच्या घरात दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं. दिवसभर नुसता गलबला. धाकटीला मूलबाळ नव्हतं. ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं बांधून द्यायची, हा तिचा धंदा; तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, हा संसार. ती रडतरडत आपल्याकडेच येणार म्हणून थोरलीने आपल्या खोलीत तिच्यासाठी खाटसुद्धा टाकून ठेवली. दोन वर्षं झाली, धाकटी काही आली नाही.

शेवटी थोरलीच गेली, न कळवता. बहीण खंगलेली दिसणार आणि आपण तिला पोटाशी धरणार, असं सगळं वाटेतच ठरलं होतं. दार उघडंच होतं. धाकटी खिडकीशी बसून सुटी पानं शिवत होती आणि चेहरा असा, जणू आत्ताच कुणी जिवाभावाचं भेटून गेलंय. थोरली पिशवी धरून उंबऱ्यातच थांबली.

ती चार दिवस राहिली. दुपारी हातातलं काम संपलं की धाकटी नुसती बसायची. जप नाही, पोथी नाही. थोरलीच्या मात्र दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना.

"घर खायला उठत नाही का गं तुला?"

"उठायचं की. वर्षभर रेडिओ लावून झोपत होते. मग तो बिघडला आणि दुरुस्तीला टाकायचा मी कंटाळा केला."

"मग?"

"मग भरपूर रडले. रडून झाल्यावर कळलं, खोली रिकामी नाहीये."

"कोण असतं?"

"नाव नाही सांगता येत, ताई. पण असतं."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणी आईची कूस हिनेच पटकावली. आता हेही हिलाच?

"माझ्याकडे सात माणसं आहेत," ती फणकारली.

"चांगलंच आहे की."

"काय चांगलं? सातांतलं एकही माझ्याशी धड बोलत नाही! तू मला दुःखी हवी होतीस, कळलं? म्हणजे निदान जोडीला तरी कुणी असतं."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. धाकटीने उपदेश केला नाही की रागही धरला नाही. सतरंजीवर थोडी सरकली. थोरली बसली. बराच वेळ तिला फक्त गुडघे दुखतायत एवढंच जाणवत होतं. मग नवरा आठवला, त्याच्या खोकण्यासकट, आणि कुणी बघेल याची धास्ती न बाळगता ती पहिल्यांदाच मोकळी रडली.

आता घरी ती रोज दुपारी गच्चीवर जाऊन बसते. "आईंचं काहीतरीच," धाकटी सून म्हणते. थोरलीला तिथे अजून कुणी भेटलेलं नाही. बहिणीचा हेवाही गेलेला नाही. फोनवर तिचा आवाज प्रसन्न लागला की अजून टोचतं. पण बसल्यावर पळून जावंसं वाटत नाही. तेवढं झालंय.