कोपर लागलं असणार

माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट आता सरळ होत नाही. कुणी विचारलं तर मी सांगतो, लोखंड आवळून धरायच्या व्हाइसमध्ये सापडलं. ते खोटं नाही. पण अर्धं सांगून गप्प बसायची मला जुनी खोड आहे, आणि त्या खोडीनं एक माणूस जिवंतपणी मोडला. म्हणून आता पुरं लिहितो.

चाकणला एका प्रेस शॉपमध्ये मी डाय सेटर होतो. पत्रा ज्यात कापतात, वाकवतात तो साचा म्हणजे डाय. तो प्रेसमध्ये बसवायचा, चार ठोके मारून बघायचे आणि मशीन ऑपरेटरच्या हवाली करायचं. बायकोच्या धाकट्या भावाला मीच तिथं चिकटवला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "जावईबापू, आता पोराचं तुमीच बगा." मी म्हणालो, बघतो.

प्रेस जुनी होती. तिला तळहातानं दाबायची दोन बटणं, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोका पडायचा नाही. म्हणजे ठोका पडताना माणसाचे दोन्ही हात साच्याबाहेर. पण सेटिंग करताना सेटरला एक हात मोकळा लागतो. म्हणून आम्ही सगळेच सेटर उजव्या बटणावरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधायचो. बटण दाबलेलंच राहायचं. काम झालं की तुकडा सोडून खिशात. त्या दिवशी साहेब मागून ओरडत होता, "झालं का नाही? माल न्यायला गाडी उभीये!" मी "झालं" म्हणालो आणि पाना उचलून पुढच्या मशीनकडं गेलो. तुकडा बटणावर तसाच राहिला. ग्रीसनं माखलेलं काळं बटण, त्यावर काळी ट्यूब. कुणाला दिसणार?

मेहुण्यानं पत्रा आत ठेवला. तो जरा तिरका बसला म्हणून उजव्या हातानं सारखा करायला लागला. डावा हात सवयीनं डाव्या बटणावर. उजवं बटण दाबलं नाही तर प्रेस खाली येत नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

प्रेस खाली आली.

आवाज रोजचाच होता, फक्त जरा मऊ. मी वळलो तेव्हा तो ओरडत नव्हता. साच्याकडं बघत उभा होता. मधली तीन बोटं पत्र्याबरोबर कापली गेली होती, वाकवली गेली होती आणि दुसऱ्या बाजूनं पेटीत पडली होती, तयार मालात. मग तो ओरडला. तसं ओरडणं मी बैलाचंही ऐकलं नव्हतं.

सगळ्यात आधी मी पोचलो. आणि सगळ्यात आधी मी काय केलं? कमरेचं कटर काढलं, ट्यूब कापली, खिशात घातली. त्यानंतर मेहुण्याला धरलं.

साहेब आला. पांढराफटक. "उजवं बटण दाबलंच कसं यानं?"

मेहुण्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. रक्त माझ्या शर्टातून बनियनपर्यंत गेलं होतं. मी म्हणालो, "कोपर लागलं असणार."

त्यानं ते ऐकलं. बेशुद्ध पडायच्या आधी त्यानं ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. आमचं गाव चाकण आणि देहूच्या मधलं. त्याला दवाखान्यात दाखल केल्यावर कपडे बदलायला घरी जायचं सोडून मी गाडी देहूकडं वळवली आणि पुलावरून ट्यूबचा तुकडा इंद्रायणीत टाकला. त्या नदीत बुडवलेलं वर येतं, असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. तरी टाकला.

अंगठा आणि करंगळी राहिली. तो आमच्याकडंच राहायला आला. तुटलेल्या हातापेक्षा त्याचा राग कोपरावर होता. उजवं कोपर बरगडीला घट्ट चिकटवूनच चालायचा, जणू मोकळं सोडलं तर ते परत कशाला तरी लागेल. माझी लेक रांगत त्याच्याकडं गेली की भिंतीला सरकायचा. "ताई, उचल हिला. माझ्या कोपराचा भरवसा न्हाई." मशीनचं काम कुणी सांगितलं तर, "नको. मी येडा हाय. हात कुठं आन् कोपर कुठं, मला कळत न्हाई." मुलगी बघायला जायचं ठरलं, तेही त्यानं मोडलं. मी समोर बसून चहा पीत असायचो. एकदाही कप खाली ठेवून खरं बोललो नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, मग मोजायचं सोडलं.

अपघाताआधी त्याला गेमचं वेड होतं, मारामारीच्या गेमचं. एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या वारी, शेजारच्या पोरानं आपला गेमचा डबा टीव्हीला जोडला आणि रिमोट मेहुण्याच्या हातात दिला. अंगठा पोचला, बाकी काहीच पोचेना. समोरचा गडी त्याच्या गड्याला भिंतीला लावून तुडवत होता. पोरगं हसून म्हणालं, "मामा, कोपरानं दाबा की!"

त्यानं रिमोट फेकला तो थेट टीव्हीत. मग उठला आणि दाराच्या चौकटीवर कोपर आपटायला लागला. एकदा नाही. कातडी फाटली, चौकटीला रक्त लागलं, तरी थांबेना. आपटताना कोपरालाच शिव्या देत होता, आईवरून, बहिणीवरून. बायको मधे पडली तर कोपर हिच्या ओठावर बसलं. ओठ फाटला. मी त्याला जमिनीवर पाडलं, छातीवर बसलो आणि थोबाडीत मारली. दोन मारल्या. त्या मारताना मला बरं वाटलं, हेही लिहितो. ज्याचं आपण वाटोळं केलं त्याचाच राग येतो आपल्याला.

दुसऱ्या दिवशी ही फाटक्या ओठानं भाकरी थापत होती. मला म्हणाली, "तुमच्या हातात एवढी कला आहे. त्याच्या हाताला जमेल असं काहीतरी करा ना. नाहीतर एक दिवस तो कोपर कापून घेईल."

म्हणून मी डबा बनवायला घेतला.

वावर गोडाऊनवाल्याला दिल्यापासून कांद्याची चाळ रिकामी होती. तिथं माझं टेबल, व्हाइस, ड्रिल. दापोडीच्या एका दुरुस्तीवाल्याकडून जुना गेमचा डबा आणला, त्याचं प्लास्टिक फोडून आतलं सर्किट, पंखा, वायरी मोकळ्या केल्या. बेत असा, की हे सगळं एकाच पत्र्याच्या पेटीत बसवायचं, वर मोठी गोल बटणं लावायची आणि पेटी मांडीवर घेऊन खेळायचं. बटणं त्याच्या हाताच्या मापानं. जिथं त्याचा अंगठा पडतो तिथं अंगठ्याचं, करंगळी पडते तिथं करंगळीचं, आणि एक मोठं, तळव्यानं दाबायचं.

माप घ्यायला हात हवा होता. तो खिशातून काढेना.

"पाव्हणं, हात दाखवा. लग्न जमवायचं नाही, भोकं पाडायचीत."

"कागदावर कोपरच काढा माझं. बाकी काय उरलंय?"

पण काढला. पुठ्ठ्यावर ठेवला. मी पेन्सिल फिरवली. जिथं बोटं नव्हती तिथं पेन्सिल सरळ गेली, आणि पुढं रेघ वाकडी झाली. तो म्हणाला, "दाजी, सेटर ना तुमी? काय ही रेघ!"

मग तो रोज चाळीत यायला लागला. पत्रा कापताना ठिणग्या उडायच्या, त्याच्या दंडावर पडायच्या, तो हलायचा नाही. कापलेल्या कडेची धार मी कानशीनं मारत होतो, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या धार. हरलो की त्याच्यावरच डोकं आपटीन." बाजूंना मी हवेसाठी फटी पाडल्या, आतलं सर्किट तापू नये म्हणून. पत्रा वाकवायची वेळ आली तेव्हा तो चाळीबाहेर गेला. हातोड्याचा शेवटचा ठोका पडेपर्यंत आत आला नाही.

बटणं त्यानं लाल निवडली. मला निळी हवी होती. त्यानं ऐकलं नाही.

एका गुरुवारी सकाळी पेटी पुरी झाली. चाळीतच टीव्ही लावला, नवा, हप्त्यावरचा. तो खेळला आणि जिंकला. समोरच्या गड्याच्या तोंडातून पडद्यावर रक्त उडालं आणि मेहुणा हसला. त्याचे दात मी किती वर्षांनी बघितले! कोपर मात्र अजून बरगडीलाच होतं. ते सोडलं असतं तर तळव्याचं बटण नीट दाबता आलं असतं. मार चुकवायला ते बटण दाबूनच धरावं लागायचं, आणि त्याचा हात दमायचा.

मी वायरी गोळा करत होतो. मागून आवाज आला, "दाजी, हे बगा जुगाड."

वळलो. चाळीच्या खुंटीवर माझ्या सायकलची फाटकी ट्यूब टांगलेली असायची. त्यातला तुकडा त्यानं कापला होता, उजवीकडच्या त्या तळव्याच्या बटणावरून ताणून पेटीच्या फटीत अडकवला होता. बटण दाबलेलं. लालवर काळी ट्यूब.

"सोड ते!" मी ओरडलो.

"आवो गेम हाय, प्रेस थोडीच—"

मी पेटीवर झडप घातली. ट्यूब तुटली, बटण उखडलं, पेटी जमिनीवर आदळली. तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटतं, मी काही बोललो नसतो तरी त्याला कळलं असतं. सेटर ट्यूब बांधतात हे त्यानं पाहिलेलं होतं. फक्त त्या दिवशी ती तिथं असेल हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं, कारण मी ते येऊ दिलं नव्हतं.

"तिथंही होती," मी म्हणालो. "उजव्या बटणाला. मी बांधलेली. काढायची राहिली. नंतर कापून खिशात घातली."

पहिला ठोसा डाव्या हाताचा. माझी दाढ हलली. मी खाली पडलो तर पोटात लाथ, मग पाठीत, मग पुन्हा पोटात. मी हात वर केले नाहीत. त्यानं कॉलर धरून मला उठवलं आणि टेबलावर ढकललं. टेबलाच्या कडेला व्हाइस, तोंड उघडं. त्यानं माझ्या उजव्या हाताकडं बघितलं, मग व्हाइसकडं.

हात मी ठेवला. त्याला माझा हातही धरायचा होता आणि व्हाइस आवळायचा दांडाही फिरवायचा होता, आणि धड हात त्याच्याकडं एकच होता. म्हणून मीच ठेवला.

तो दांडा फिरवायला लागला. "वढा की! वढून घ्या हात!" रडत होता. "मला वढायला मिळाला न्हवता! तुमाला मिळतोय, तर वढा!"

मी ओढला नाही. दांडा आणखी अर्धा फिरला. बोट कट् करून मोडलं. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्यानं दांडा उलटा फिरवला, भराभर, आणि मला सोडून बाजूला जाऊन ओकला.

दारात ही उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

तो तोंड पुसत म्हणाला, "माझं कोपर लागलं न्हवतं?"

"नाही."

"नीट म्हणा."

"तुझं कोपर लागलं नव्हतं."

"ताईम्होरं म्हणा."

म्हणालो. ही आजही फारसं बोलत नाही. जेवायला वाढते.

"उद्या कंपनीत चला," तो म्हणाला. "जितं खोटं बोललात तितं बोलायचं. सगळ्यांम्होरं."

दुसऱ्या दिवशी गेलो. तिथं माझी नोकरी गेली, ती जाणारच होती. बाकीचं त्याचा वकील बघतोय, आणि वकील विचारेल ते मी सांगतो. पण माझ्या डोळ्यांसमोर कंपनी येत नाही, येते ती तिथं जातानाची बस.

माझा हात प्लास्टरमध्ये, तोंड सुजलेलं. तो माझ्या शेजारी खिडकीला बसला होता. आम्ही एकमेकांशी आजही बोलत नाही. ट्रकच्या रांगेत बस अडकत, सुटत चालली होती. चाकण चौकाच्या अलीकडं त्यानं उजवा हात बरगडीपासून सोडवला. हळूच, जणू कुणाचा तरी दुसऱ्याचा असावा तसा. आणि कोपर खिडकीबाहेर काढून ठेवलं.

कंडक्टर मागून ओरडला, "ओ भाऊ, कोपर आत घ्या! एखादा कंटेनरवाला घेऊन जाईल."

त्यानं मान वळवून कोपराकडं बघितलं. 

"न्हाई जात," तो म्हणाला, आणि आत घेतलं नाही.