पारसच्या गाडीचं राहिलेलं दार

पारस गेला तो दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या. गेल्या काही आठवड्यांत हे वाक्य मी कितीतरी जणांना सांगितलं, आणि दर वेळी सांगताना माझाच त्यावर विश्वास बसत नाही. ज्या माणसाला एका जागी धड बसता येत नव्हतं, तो बसून गेला... फोन आला तेव्हा मी निमगाव सावाला घरच्या कांद्याच्या चाळीत होतो. त्याच्या मुलीचा, शीतलचा फोन. "काका, पप्पा..." एवढंच ती म्हणाली. पुढचं तिला बोलवेना आणि मला विचारवेना. हात पुसायचं भान राहिलं नाही, तशीच मोटारसायकल काढली. जुन्नरच्या कापडबाजारात शिरलो तर गल्लीतली शटरं अर्ध्यावर ओढलेली होती. त्याच्या घराच्या बोळात चपलांचा खच पडला होता आणि मागच्या अंगणात ती गाडी उभी होती. सगळी मोरपंखी निळी, मागचं डावं दार तेवढं दुधी.

त्या दिवसापासून मलाही बसवत नाही. हा लेखही चार वेळा उठून लिहितो आहे. दोन ओळी झाल्या की अंगणात जातो, उगाच नळ बंद आहे का बघतो, परत येतो. बायको म्हणते, "तुमच्यात पारसभाऊ शिरल्यात काय?" शिरला असेल तर बरंच आहे. कुठेतरी असू दे.

आमची ओळख शाळेतली. मी निमगावहून एसटीने जुन्नरला शिकायला यायचो आणि तो बाजारातल्या कापडवाल्याचा धाकटा मुलगा. त्याचे आजोबा राजस्थानातून इकडे आले, पण पारसचं मराठी माझ्यापेक्षा रांगडं. गुरुजींनी आम्हाला एका बाकावर बसवलं. तो इतका हलायचा, की माझं अक्षर तेव्हा जे बिघडलं ते आजतागायत सुधारलं नाही. पुढे मी तिथेच शाळामास्तर झालो आणि तो वडिलांच्या गादीवर बसला. मी त्याला शेठ म्हणायचो, तो मला मास्तर. गिऱ्हाईक साड्यांच्या ढिगातून एक निवडेपर्यंत हा तीनदा उठून रस्त्यावर डोकावून यायचा. संध्याकाळी मी दुकानापाशी आलो की त्याचा ठरलेला शब्द, "मास्तर, बसवत न्हाई. चल."

चल म्हणजे गाडीतून चल. ती गाडी त्याच्या वडिलांनी जुनी म्हणून विकत घेतलेली, आणि त्यांच्या माघारी ती एकट्या पारसची होती, कारण दुसऱ्या कुणाला ती नकोच होती. तिच्यावरच त्याने मला गाडी चालवायला शिकवली. आम्ही कधी माळशेजच्या तोंडाशी जाऊन यायचो, कधी डिंभे धरणाच्या पाण्यापर्यंत, कधी नुसते हायवेने अवसरी खुर्दच्या फाट्यापर्यंत जाऊन चहा पिऊन माघारी. कुठे पोचायचं नसायचंच. गाडी हलायला लागली की मात्र हा माणूस शांत व्हायचा. एका हाताने स्टिअरिंग धरून, गप्प. दुकानातला पारस आणि गाडीतला पारस ही दोन माणसं होती, आणि मला गाडीतला जास्त आवडायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. गाडीचा दुधी रंग जागोजाग पोपडे धरून निघायला लागला होता आणि पत्र्याला गंज चढला होता. एक दिवस त्याच्या थोरल्या भावाने, दादांनी, भर दुकानात विषय काढला.

"पारस, आता ती गाडी भंगारात घालू. दारात उभी दिसली की लोक इचारत्यात, शेठ, धंदा बसला का काय?"

"रंग दिला की झालं. मी देतो."

"तू? तुझ्यानं एक तागा सरळ गुंडाळून व्हत न्हाई."

गिऱ्हाईक हसलं. पारस नाही हसला. दादांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. तोवर गाडी माणसात आली तर राहील, नाहीतर जाईल. दादांचा शब्द घरात मोडला जात नसे. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, नारायणगावला एखाद्या पेंटरकडं टाक की." तर म्हणाला, "पेंटरनं दिला तर तो पेंटरचा. गाडी गेली मास्तर, तर मी ह्या गादीवरच मरणार. आन मलाबी बघायचंय, एक काम माझ्या हातनं शेवटाला जातंय का." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं. आता तो गादीवरच गेल्यावर ते वाक्य पाठ सोडत नाही.

आम्हा दोघांनाही रंगकामातलं ओ का ठो कळत नव्हतं. त्याने एका साडीचा पदर कापून रंगाच्या दुकानात नेला आणि म्हणाला, ह्याच्याशी जुळता द्या. ती मोरपंखी साडी दुकानात वर्षभर खपली नव्हती. मग जुना रंग घासायला सगळ्यात खरखरीत पॉलिश पेपर आणला, कारण काम लवकर उरकेल. पत्र्यावर नांगरल्यासारख्या रेघा उठल्या. त्या बुजवायला आठवडा गेला, बारीक कागद पाण्यात बुडवून घासत. रोज दुपारी दुकानातून सटकून तो अंगणात उकिडवा बसलेला असायचा. त्याच्या आईला घरात सगळे बाई म्हणत. घर जैन. सामायिक म्हणजे ठराविक वेळ एका आसनावर शांत बसणं, आणि ते बाईंनी, घरी असो की साधू-साध्वी उतरतात त्या जैन स्थानकात, कधी चुकवलं नाही. पारसला ते कधी जमलं नाही. बाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "सामायिकाला बस म्हनलं तर ह्याला मुंग्या येत्यात. आन आता बघा, मांडी ठोकून बसलाय!"

पत्र्याचे खड्डे लांबीच्या लगद्याने भरून झाले. आता फवारायचं कशाने? मी शेतकऱ्याचा मुलगा. घरचा टोमॅटोवर औषध मारायचा पंप पाठीला लावून आणला. बॉनेटवर पहिला हात मारला आणि गाडीला गोवर आला. पंप असा चोंदला, की माझ्या वडिलांनी तो पुन्हा वापरला नाही आणि मला त्यावरून आयुष्यभर बोलून घेतलं. मग ग्रिलचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून छोटा कॉम्प्रेसर आणि गन मागून आणली.

धूळ बसू नये म्हणून पारसने गाडीभोवती न खपलेल्या साड्यांचा मांडव घातला. काय देखणा दिसत होता तो मांडव! कुणाला वाटावं आत नवरी बसली आहे. प्रायमर मारला, वाळला, वरून हात फिरवला तर दाढी वाढलेल्या गालासारखा. कोऱ्या कापडाचे तंतू उडून सगळ्या गाडीला चिकटले होते. मी म्हटलं, "कापडवाल्याची गाडी हाय, अंगावर कापड येनारच." तो मडगार्डला टेकून नुसता बघत राहिला. त्या दिवशी मला वाटलं, सुटलं हे काम. पण त्याची बायको, विमलवहिनी, बाहेर आल्या, साड्या सोडवल्या, धुऊन पिळल्या आणि ओल्याच परत बांधल्या. "ओल्या कापडाला धूळ चिकटंल, गाडीला न्हाई," एवढं म्हणून आत गेल्या. पारसने पुन्हा घासायला घेतलं.

दिवाळी तोंडावर आली. ग्रिलवाल्याला कॉम्प्रेसर दुसऱ्या दिवशी सकाळी परत हवा होता. त्या एका दिवसात आम्ही जवळजवळ सगळी गाडी रंगवली. आता हात बसला होता. पारस तोंडाला मलमल बांधून गन चालवत होता आणि रंग पाण्यासारखा सरळ पसरत होता. दिवस कलता कलता फक्त डावीकडची दोन दारं उरली. तेवढ्यात बाईंनी जेवायला हाक मारली. बाकी काही पाळो न पाळो, चातुर्मासात सूर्यास्ताआधी जेवण हा नियम तो कधी मोडायचा नाही. अंधारात जेवायला बसलं की दिव्यावर जीव येतात, अन्नात पडून मरतात, म्हणून. पटकन दोन घास खाऊन, तोंड पुसत तो परत आला. अंधारून आलं होतं. मी मांडवात मोठा बल्ब लावला. पारसने पुढचं डावं दार रंगवलं.

आणि ते आले. पावसाळा नुकताच सरला होता. चिलटं, पाकोळ्या, नाव माहीत नसलेले हिरवे बारीक किडे, सगळे बल्बवर झेपावायचे आणि ओल्या रंगावर बसायचे. बसले की संपलं. पारसने गन खाली ठेवली. एक हिरवा किडा पाय ओढत होता. त्याला त्याने बोटाच्या टोकाने अलगद उचलायला घेतलं. किडा काही निघाला नाही, एक पंख तेवढा बोटाला आला. दुसरा उचलायला गेला, तोही मेला.

"मास्तर, दिवा बंद कर."

"अरे, एकच दार राहिलंय. सकाळी मशिन जानार."

"बंद कर म्हनतो ना!"

तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. मी बटण दाबलं. अंधारात थिनरचा वास होता आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "ज्येंच्यासाठी दिवसाउजेडी जेवून आलो, त्येंनाच दिवा लावून बोलावलं मी. माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई रे..." मला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला होता. एवढी मेहनत, एवढी घासाघास, आणि शेवटच्या दारापाशी हा चिलटांसाठी रडतो! एका दारापायी गाडी जाणार होती. मी तसं बोललोही. तो म्हणाला, "जाऊ दे मग." आणि साड्यांच्या गाठी सोडायला लागला.

सकाळी कॉम्प्रेसर गेला. दुसऱ्या दिवशी दादा अंगणात आले. गाडीला त्यांनी एक पूर्ण फेरी मारली. निळा रंग बरा झाला होता, खोटं कशाला बोला, चांगलाच झाला होता. पण डावीकडे येऊन ते थांबले.

"आन हे?"

"ऱ्हायलं," पारस म्हणाला. बाकी काहीच सांगितलं नाही त्याने.

"बाजार हसंल रं. सगळं करून शेवटी तेच. तुझं कायबी पुरं होत न्हाई."

पारसने मान खाली घातली. मी तोंड उघडणार एवढ्यात बाई आतून आल्या. त्या रात्रीचं सगळं त्यांना विमलवहिनींकडून कळलेलं असणार. दादांकडे त्यांनी बघितलंही नाही. पदर सावरत थेट त्या दुधी दाराशी गेल्या, दार उघडलं आणि आत बसल्या.

"हे पुरं हाय," बाई म्हणाल्या. "चल पारस, मला स्थानकात सोड."

गाडी राहिली. बाजार हसला, आठवडाभर हसला आणि विसरला. बाई होत्या तोवर त्याच दारातून आत बसायच्या. पारस दर वर्षी म्हणायचा, आता उन्हाळ्यात, भर दिवसा, ते दार उरकून टाकू. मीही हो म्हणायचो. मग आम्ही त्याच गाडीत बसून कुठेतरी निघून जायचो आणि दार तसंच राहायचं. दुकानात तो शेवटपर्यंत तसाच चुळबुळत राहिला, गाडीत तसाच शांत. मी निवृत्त होऊन गावी परतलो तरी आठवड्यातून एकदा निमगावच्या रस्त्यावर तो हॉर्न ऐकू यायचा. आमची शेवटची भेटही अशीच. हातात चहाचा कप दिला तर उभ्यानेच प्यायला आणि म्हणाला, "चल." मला कांदा भरायचा होता. म्हटलं, पुढच्या वेळी...

परवा विमलवहिनींनी बोलावलं. पुतण्याने, दादांच्या मुलाने, गाडीला गिऱ्हाईक आणलं आहे, पण त्याला ती एकरंगी हवी. "भाऊजी, कुनाकडं रंगवायची ते तुमीच बघा," त्या म्हणाल्या. मी सकाळच्या उन्हात अंगणात गेलो. राहिलेल्या दाराला किती रंग लागेल ते बघायचं म्हणून वाकलो आणि नजर पुढच्या निळ्या दारावर गेली. मुठीच्या खाली, रंगात रुतलेला एक बारीकसा किडा होता. आणि त्याच्या शेजारी बोटाचा ठसा. त्याने उचलायला बोट टेकवलं होतं, ते ओल्या रंगात उमटलं आणि तसंच वाळलं. बोटाच्या सगळ्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. इतकी वर्षं त्या दारातून मी आत बसत होतो आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मी माझं बोट त्यावर ठेवलं आणि भडभडून आलं मला. उद्या कुणीही पेंटर आला तरी आधी पॉलिश पेपरच हातात घेणार.

"वहिनी," मी म्हटलं, "हे बघितलंत का?"

"मला म्हाईत हाय ते," त्या मागून म्हणाल्या. "रोज गाडी पुसते. तिथं फडकं फिरवत न्हाई."

मग त्या आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. पण त्या किल्ली घेऊन आल्या, ती माझ्या हातात दिली आणि दुधी दार उघडून मागे बसल्या.

"पुतन्याला मी सांगते काय सांगायचं ते," त्या म्हणाल्या. "चला भाऊजी. बसवत न्हाई."